सरासरी वेळ म्हणजे स्टँडर्ड टाइम नव्हे

एका नगाला किती वेळ लागतो, असं विचारलं की बहुतेक कारखान्यांत मागच्या काही महिन्यांचं रजिस्टर उघडतं. एकूण तास भागिले एकूण नग. उत्तर येतं, समजा, 72 सेकंद. मग तोच आकडा 'स्टँडर्ड' म्हणून बोर्डावर चढतो, आणि घोळ तिथेच होतो.

72 सेकंद ही सरासरी आहे. काय घडलं, एवढंच ती सांगते. माल आला नाही म्हणून गेलेला वेळ, पाना शोधायला मारलेल्या फेऱ्या, पुन्हा करावे लागलेले नग, सगळं तिच्यात मुरलेलं असतं. स्क्रूचा ट्रे पाठीमागे असेल आणि ऑपरेटरला दर नगाला चार वेळा वळावं लागत असेल, तर ते वळणंही 'काम'च ठरतं. अशा आकड्याशी तुलना केली की कार्यक्षमता कायम शंभर टक्क्यांच्या आसपास दिसते आणि सगळे निर्धास्त होतात.

स्टँडर्ड टाइम म्हणजे ठरलेल्या पद्धतीने, सामान्य वेगाने काम केलं तर एका नगाला लागायला हवा तो वेळ. त्यात आधी पद्धत ठरते, घड्याळ नंतर येतं. ट्रे समोर हाताच्या टप्प्यात घ्यायचा, पाना वर टांगायचा, हालचालींचा क्रम पक्का करायचा आणि मगच स्टॉपवॉच सुरू करायचं. अनेक नगांचं मोजमाप 40 सेकंद आलं, पण ऑपरेटरचा हात सामान्यापेक्षा चपळ होता, म्हणून रेटिंग, म्हणजे सामान्य वेगाच्या तुलनेत त्याचा वेग, 110 टक्के धरलं: 44 सेकंद. त्यावर थकवा, पाणी, किरकोळ अडथळे यांसाठी 15 टक्के अलाउन्स: 50.6 सेकंद. हा अलाउन्स कापून आकडा 'कडक' करणारे मला मुळीच पटत नाहीत. माणूस आठ तास उभा राहून काम करणार आहे, हे त्या 6.6 सेकंदांत लिहिलेलं असतं.

स्टॉपवॉचशिवायही हे करता येतं. 1948 साली मांडलेल्या एमटीएम (मेथड्स-टाइम मेजरमेंट) पद्धतीत हात नेणं, पकडणं, हलवणं अशा प्रत्येक हालचालीची वेळ आधीच ठरलेली असते, टीएमयू (टाइम मेजरमेंट युनिट) या एककात. एक टीएमयू म्हणजे 0.036 सेकंद.

72 आणि 50.6 मधल्या 21.4 सेकंदांचं खापर ऑपरेटरवर फोडू नये. त्यातला बराच वेळ मांडणीने आणि माल पोचवण्याच्या व्यवस्थेने खाल्लेला असतो. शोध तिथून सुरू करावा. आणि उद्या नवं फिक्स्चर (काम करताना नग धरून ठेवणारं साधन) बसलं, तर 50.6 हा आकडाही शिळा झाला. तो खोडून पुन्हा मोजायला बसायचं.