पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम: एकाच ज्वालामुखीखाली गाडलेली दोन वेगळी गावं

नेपल्सच्या सहलीत पॉम्पेई तर असतंच. हर्क्युलेनियमचं नाव पुढे कुणीतरी सुचवतं आणि लगेच शंका येते: पुन्हा तेच बघायचं का? दोन्ही रोमन, दोन्ही आखाताच्या काठची, दोन्ही इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली, आणि १९९७ पासून दोन्ही युनेस्कोच्या एकाच नोंदीत. त्यामुळे पुष्कळ जण एक बघून दुसरं सोडतात, किंवा घाईघाईत दोन्ही उरकतात. पण ही दोन गावं गाडली गेली ती वेगवेगळ्या प्रकारे. आज तिथे काय उरलंय, काय दिसतं आणि किती वेळ काढावा लागतो, हे सगळं त्यावरच ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. त्या उद्रेकात यातलं एकही गाव लाव्ह्याखाली गेलं नाही.

पॉम्पेई ज्वालामुखीच्या मुखापासून सुमारे १० किलोमीटरवर, आग्नेयेला आहे. त्या दिवशी वारा त्याच दिशेला वाहत होता. दुपारी राखेचा प्रचंड स्तंभ आकाशात चढला. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने आखातापलीकडच्या मिसेनमहून तो पाहिला आणि पाइनच्या झाडासारखा दिसत होता असं पुढे लिहून ठेवलं. त्या स्तंभातून पॉम्पेईवर प्युमिस दगडाचे हलके, सच्छिद्र खडे पडू लागले, ताशी साधारण १५ सेंटिमीटर या वेगाने. पहाटेपर्यंत जवळपास तीन मीटरचा थर साचला. खडे हलके असले तरी तीन मीटरचं ओझं कौलारू छपराला पेलत नाही. छपरं बसली, वरचे मजले कोसळले आणि घरात थांबलेली बरीच माणसं तिथेच दबून मेली. सकाळी तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट आले तेव्हा उरलेलेही गेले. एकूण थर चार ते सहा मीटरचा आणि भुसभुशीत. काही भिंतींचे माथे बाहेर डोकावत राहिले असावेत. त्यामुळे वाचलेल्या लोकांनी आणि चोरांनी नंतर येऊन किमती वस्तू उकरून नेल्या.

हर्क्युलेनियम मुखापासून सुमारे ७ किलोमीटरवर, म्हणजे जास्त जवळ, पण पश्चिमेला. वारा उलट्या बाजूचा असल्याने पहिल्या दिवशी तिथे फक्त काही सेंटिमीटर राख पडली आणि अनेकांना पळून जायला वेळ मिळाला. मध्यरात्रीनंतर राखेचा तो स्तंभ स्वतःच्या वजनाने ढासळला. तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट उतारावरून काही मिनिटांत गावात शिरला. त्यामागून एकावर एक लोट येत राहिले आणि गाव सुमारे २० मीटर खोल गाडलं गेलं. हा माल पुढे घट्ट होऊन दगडासारखा झाला. तो खोल्यांमध्ये खालून वर भरत गेला, म्हणून बऱ्याच भिंती आतून-बाहेरून सारख्या तोलून धरल्या गेल्या आणि वरचे मजले जागेवर राहिले. उष्णता प्रचंड होती, पण हवा जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे लाकूड पेटून राख न होता, मातीने बंद केलेल्या कोळशाच्या भट्टीत होतं तसं कोळसा होऊन टिकलं. तुळया, दारं, पलंग, एका बाळाचा पाळणा, पावाची लादी, धान्य, एवढंच काय, गावाबाहेरच्या एका व्हिलात, म्हणजे श्रीमंतांच्या प्रशस्त घरात, पपायरसच्या शेकडो गुंडाळ्याही अशाच टिकल्या.

मृतांचे अवशेष दोन गावांत इतके वेगळे का, याचं उत्तरही इथेच आहे. पॉम्पेईत शरीरांभोवती बारीक राख घट्ट बसली. पुढे शरीर कुजलं आणि राखेत त्याच आकाराची पोकळी राहिली. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्लीने अशा पोकळ्यांत प्लॅस्टर ओतायला सुरुवात केली. फोटोंमधून जगभर पोचलेल्या ‘दगड झालेल्या माणसां’च्या आकृत्या म्हणजे प्लॅस्टरचे हे ठसे, आत हाडं तशीच असलेले. हर्क्युलेनियममध्ये मांस जवळजवळ तत्काळ नाहीसं झालं आणि हाडांभोवती ओलसर, जड थर बसला. पोकळी राहिलीच नाही, म्हणून ठसेही नाहीत. तिथे सांगाडे मिळतात. १९८० च्या दशकात समुद्रकाठच्या कमानींखालच्या बोटघरांत खोदाई झाली तेव्हा तीनशेहून अधिक सांगाडे सापडले. गाव रिकामं होतं म्हणून सगळे सुटले असतील, असं त्याआधी मानलं जाई. पण हे सांगाडे तिथे बोटींची वाट बघत थांबलेल्या लोकांचे होते. आज कमानींत सांगाड्यांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत, पण मांडणी हुबेहूब आहे: आत दाटीने बसलेले, एकमेकांना बिलगलेले. ते बघताना आवाज कमी ठेवा. ती स्मशानभूमीच आहे.

खोदाईतही हाच फरक. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आधी सुरू झालं, पण दगडातून बोगदे पोखरत. नेपल्सच्या राजाच्या राजवाड्यासाठी पुतळे आणि चित्रं काढून नेणं एवढाच त्याचा हेतू होता. भिंतींना पाडलेली ती भोकं आजही दिसतात. १७४८ मध्ये पॉम्पेईला हात घातला तेव्हा तिथली माती मऊ निघाली आणि सगळं लक्ष तिकडे वळलं. हर्क्युलेनियमला उघड्यावर, पद्धतशीर खोदाई १९२७ नंतर पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरीने केली. आज पॉम्पेईच्या ६६ हेक्टरपैकी साधारण दोन तृतीयांश भाग मोकळा आहे. हर्क्युलेनियमचे जेमतेम साडेचार हेक्टर उघडे आहेत. बाकीच्या गावावर आजचं एर्कोलानो शहर उभं आहे, आणि खड्ड्याच्या कडेवरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे खालच्या रोमन रस्त्यावरून दिसतात.

कुठे काय बघायचं

पॉम्पेईत बघायचं ते शहर. फोरमचा विस्तीर्ण चौक, व्हिया देल्लाबोंदांत्सा हा लांबच लांब बाजाररस्ता, गाड्यांच्या चाकांनी बेसॉल्टमध्ये पाडलेल्या चाकोऱ्या, पाणी तुंबलेल्या रस्त्यातून पलीकडे जाण्यासाठी ठेवलेले उंच दगड. सुमारे इ.स.पू. ७० मधलं अँफिथिएटर (खेळांचं लंबगोल, उघडं प्रेक्षागृह) हे आजवर माहीत असलेलं सर्वांत जुनं दगडी अँफिथिएटर. इ.स. ५९ मध्ये तिथे शेजारच्या नुचेरियाच्या प्रेक्षकांशी दंगल झाली आणि रोमने खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. घरांपैकी २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालेलं व्हेत्ती बंधूंचं घर चुकवू नका. तेरा ठसे एकत्र ठेवलेली पळून जाणाऱ्यांची बाग अँफिथिएटरजवळ आहे, लाल भित्तिचित्रांची व्हिला देई मिस्तेरी शहराच्या भिंतीबाहेर अगदी दुसऱ्या टोकाला. दोन्ही बघायची तर चाल मोठी होते, हे धरूनच आखा.

हर्क्युलेनियममध्ये बघायचं ते घर. लाकडी पडद्याच्या घरात जा. दर्शनी दालन आणि मालकाची बैठक यांच्यामध्ये घडीचा लाकडी दरवाजा आहे, काळा पडलेला, जवळजवळ दोन हजार वर्षं जागेवर उभा. नीट बघितलं तर दिवे टांगायचे काशाचे आकडे त्यावर दिसतात. मधला भाग मात्र नाही. अठराव्या शतकात बोगदे पाडणाऱ्यांनी तो उडवला. नेपच्यून आणि अँफिट्रिटीच्या घरात मागच्या भिंतीवर रंगीत काचेचं मोझेक आहे आणि बहुतेक लोक त्याचा फोटो काढून निघून जातात. त्याच घराला लागून असलेल्या दुकानात थांबा: वर लाकडी माळा, त्यावर मांडणी, मांडणीत आडवे रचलेले अँफोरा, म्हणजे दोन कानांचे मातीचे उभट घडे. रोमन वाण्याचं दुकान कसं होतं, हे इतकं स्पष्ट पॉम्पेईत कुठेच दिसत नाही. लाकडी चौकटीत दगडमाती भरून बांधलेलं ग्राटिच्चोचं घर स्वस्त भाडोत्री बांधकामाचा नमुना आहे. रोममध्ये अशी घरं शेकड्याने असणार, टिकली इथे. शेवटी प्राचीन किनारा. तेव्हा लाटा इथे येत, आज समुद्र काहीशे मीटर दूर आहे आणि जमीन खचल्यामुळे तो जुना किनारा समुद्रपातळीच्याही खाली गेला आहे. २०२४ पासून तिथे पुन्हा उतरता येतं. १९८२ मध्ये सापडलेली सुमारे नऊ मीटर लांबीची होडी वरच्या वेगळ्या दालनात आहे.

कसं जायचं, कुठे चुकतं

दोन्हींसाठी नेपल्सहून चिर्कुमवेझुवियाना ही लोकल. नापोली गारिबाल्दी स्टेशन मुख्य रेल्वे स्टेशनच्या तळघरात आहे. तिथे गाडीत आधीच गर्दी असते, म्हणून जागा हवी तर एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला जाऊन बसा. सोरेंतोची गाडी धरा. एर्कोलानो स्कावी सुमारे २० मिनिटांवर आणि त्याच मार्गावर पुढे पॉम्पेई स्कावी–व्हिला देई मिस्तेरी ३५ ते ४० मिनिटांवर. गोंधळ नावांचा होतो. ‘एर्कोलानो मिल्यो दोरो’ हे पुढचं स्टेशन आहे, तिथे उतरू नका. सरकारी रेल्वेचं ‘पोर्तिची-एर्कोलानो’ वेगळं. ‘पॉम्पेई सांतुआरिओ’ पोज्जोमारिनोच्या मार्गावर आहे. तिथे उतरलात तर आजच्या गावातल्या चर्चजवळ निघाल. तिथूनही अवशेषांचं अँफिथिएटरकडचं दार चालत गाठता येतं, त्यामुळे घाबरू नका. ‘स्कावी’ (उत्खनन) हा शब्द पाटीवर दिसला की उतरायचं. या गाड्यांत खिसेकापू असतात, पाठीवरची बॅग पुढे घ्या.

पॉम्पेई स्कावीला उतरलं की पोर्ता मारिना हे दार समोरच. एर्कोलानोला स्टेशनातून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने सरळ उतार दहा मिनिटं चालायचं. परतताना तोच चढ आहे, हे म्हाताऱ्या माणसांबरोबर जाताना लक्षात घ्या.

तिकिटं वेगळी. हर्क्युलेनियमचा कारभार २०१६ पासून स्वतंत्र आहे, त्यामुळे पॉम्पेईचं तिकीट तिथे चालत नाही. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावानिशी मिळतं. पासपोर्टवरचं नाव तंतोतंत घाला आणि ओळखपत्र जवळ ठेवा. साध्या तिकिटात फक्त शहर येतं. व्हिला देई मिस्तेरी बघायची असेल तर उपनगरातल्या व्हिलांचंही तिकीट घ्या, नाहीतर तिच्या दारातून परत फिरावं लागतं. ३० × ३० × १५ सेंटिमीटरहून मोठी बॅग आत नेता येत नाही, क्लोकरूममध्ये ठेवावी लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो आणि गर्दीमुळे नेमकी त्याच दिवशी जाण्यात मजा नसते.

पॉम्पेईला किमान चार तास द्या, हर्क्युलेनियमला दोन पुरतात. पॉम्पेईत सावली फार कमी. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी नऊला दारात हजर राहा. पिण्याच्या पाण्याचे नळ आत आहेत, रिकामी बाटली बरोबर ठेवा. रस्त्याचे दगड घासून गुळगुळीत झालेत, पावसात पाय सटकतो. चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट घाला. हर्क्युलेनियम खड्ड्यात असल्याने वारा लागत नाही, पण छपराची घरं असल्याने थांबायला जागा मिळते.

दोन्ही बघणार असाल तर आधी हर्क्युलेनियम बघा, असं आमचं ठाम मत आहे. सगळे उलटं करतात. पण माळा, जिना, लाकडी दार, खिडकीची चौकट एकदा डोळ्यांनी पाहिली की पॉम्पेईच्या उघड्या भिंतींवर ती आपोआप बसवता येतात. एकाच दिवशी दोन्ही करू नका, दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पाय आणि लक्ष दोन्ही संपलेलं असतं. हर्क्युलेनियमला जोड द्यायची तर व्हेसुव्हियसच्या मुखाची द्या. एर्कोलानो स्टेशनबाहेरूनच वर जाणाऱ्या गाड्या मिळतात. मुखाचं तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढून ठेवा, वर खिडकीवर ते मिळत नाही.

दोन्ही ठिकाणची उत्तम भित्तिचित्रं, मोझेकं आणि काशाचे पुतळे मूळ जागी नाहीत, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. त्याच्यासाठी अर्धा दिवस हवाच. तिथल्या ‘गुप्त दालना’त पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे. ती जेमतेम वीतभर उंचीची, दोन्ही बाजूंना दासी असलेली. ‘पॉम्पेई लक्ष्मी’ म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण लक्ष्मीपेक्षा यक्षी असण्याची शक्यता अनेक अभ्यासक मांडतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत, आणि त्यामुळेच ती सातवाहनांच्या दख्खनमध्ये घडली असावी असं मानणारे संशोधक आहेत. तेरची मूर्ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे, इटलीला जाण्याआधी बघून ठेवलीत तर तुलना करता येईल. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेव्हा तो दिवस एर्कोलानोला द्या.