वसंतातला हॅच (ट्राउट नदीवरचं फ्लाय फिशिंग)

हॅच म्हणजे पाण्याखाली वाढलेले किडे एकाच सुमारास ढिगाने वर येतात, त्यांना पंख फुटतात आणि ते उडून जातात तो काळ. फ्लाय फिशिंगमध्ये पिसं, केस, दोरा हुकवर गुंडाळून नकली किडा, म्हणजे फ्लाय, बनवतात, त्यामुळे आत्ता नदीत कुठला किडा निघतोय हे कळलं नाही तर बाकीचं सामान कितीही भारी असलं तरी उपयोग नाही.

वसंतात कॅलेंडरपेक्षा थर्मामीटर बघावा. पाणी ४-५ अंशांवर असेल तर ट्राउट (थंड पाण्यातला मासा) तळाशी सुस्त पडलेला असतो, १० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की किडेही हलतात आणि मासाही खायला लागतो, म्हणून या दिवसांत पहाटे उठून कुडकुडण्यात काही अर्थ नसतो, खरी मजा साधारण दुपारीच. डोंगरातला बर्फ वितळायला लागला की मात्र नदी फुगते, गढूळ होते आणि पुढचे काही आठवडे जवळजवळ गेलेच. अमेरिकेच्या पश्चिमेकडे मे महिन्याच्या आसपास कॅडिस या पतंगासारख्या किड्याचा मोठा हॅच असतो, तो या पुराच्या आधी मिळतो की नाही यावर दरवर्षी सगळ्यांचा जीव टांगलेला.

या किड्यांत सगळ्यात लाडकी मेफ्लाय. तिची अळी, म्हणजे निम्फ, बऱ्याच जातींत वर्षभर पाण्यात काढते आणि पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेही काही न खाता, कारण तोंड कामाचंच नसतं. शिवाय पंख आल्यावरही ती परत एकदा कात टाकते, आजच्या किड्यांमध्ये हे दुसरं कोणीच करत नाही. बेटिस नावाच्या छोट्या मेफ्लायला ढगाळ, रिमझिम दिवस आवडतो. अशा हवेत पंख वाळायला वेळ लागतो, ती पाण्यावर जास्त वेळ तरंगते आणि ट्राउटची चंगळ होते. इंग्लंडच्या टेस्ट नदीवर मोठी मेफ्लाय मे संपता संपता येते. स्टोनफ्लाय या किड्याचं वेगळंच, ती बहुतेक वेळा सरपटत काठावरच्या दगडावर येऊन कात टाकते, त्यामुळे काठाला लागूनच गळ टाकावा.

नवखे लोक फसतात ते इथे: पाण्यावर मेफ्लाय तरंगताना दिसतात, मासे वर येतात, पण तरंगणाऱ्या फ्लायला एकही तोंड लावत नाही. तेव्हा नीट बघायचं, नुसती पाठ आणि पर दिसत असेल, तोंड दिसत नसेल, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली अडकलेले, अर्धवट बाहेर आलेले किडे खातोय, मग फ्लायही तशीच अर्धी बुडणारी लावायची.