कंट्रोल स्टिक हलकी की घट्ट?

वैमानिक ज्या दांड्याने विमान वळवतो ती कंट्रोल स्टिक जितकी हलकी तितकं विमान उडवणं सोपं, असं बऱ्याच जणांना वाटतं. 20 जानेवारी 1974 रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर वायएफ-16 हे लढाऊ विमान नुसतं धावपट्टीवर वेगात पळवून पाहायचं होतं. त्याची स्टिक जागची हलतच नसे, ती फक्त हाताचा दाब मोजे. विमान दोन्ही बाजूंना डोलू लागलं, शेपटीचा पृष्ठभाग जमिनीला घासला, आणि सावरण्यासाठी वैमानिकाला उड्डाण करावं लागलं. रोलची, म्हणजे विमान बाजूला कलवण्याची आज्ञा फार तिखट ठेवली होती: थोड्या दाबालाही विमान जास्त कलायचं. पुढे एफ-16च्या स्टिकला काही मिलिमीटर हालचाल दिली गेली, कारण हात जोर आणि हालचाल यांची सांगड घालूनच अंदाज बांधतो.

जमिनीवरच उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये मोटर लावून स्टिकचा घट्टपणा हवा तसा बदलता येतो. स्टिक मधल्या जागेवरून हलवायला लागणारा पहिला जोर कमी पडला, तर हात नुसता थरथरला तरी आज्ञा जाते. जास्त झाला, तर बारीक दुरुस्ती करताना ती अडकते, मग एकदम सुटते आणि नाक नेमापुढे जातं. शिवाय उजव्या हाताला स्टिक आत ढकलणं बाहेर ढकलण्यापेक्षा सोपं जातं, त्यामुळे दोन्हीकडे सारखा जोर ठेवला तरी तो सारखा वाटत नाही.

खरी गोम उशिरात आहे. समजा, वैमानिक नाक सेकंदाला एकदा वर-खाली सावरतोय. आज्ञेनंतर विमान 250 मिलिसेकंदांनी हललं, तर ते पाव आवर्तन, म्हणजे 90 अंश मागे पडलं. स्टिक ठरवते तो नाक वळण्याचा वेग. वेगातून कोन साठायला आणखी 90 अंश लागतात. बेरीज 180! चूक कमी करायला दिलेली आज्ञा आता ती वाढवते, योग्य क्षणी धक्का मिळालेल्या झोपाळ्यासारखी. अमेरिकन लष्करी मानकात उत्तम हाताळणीसाठी उशिराची मर्यादा 100 मिलिसेकंद आहे. म्हणून आधी सिम्युलेटरचा स्वतःचा उशीर मोजावा: स्टिकला झटका द्यायचा आणि पडद्यावरच्या प्रकाश-सेन्सरने बदल कधी टिपला ते पाहायचं. नाहीतर पडद्याचा दोष स्टिकच्या माथी बसतो.

निवांत उडवताना हे दोष लपतात. म्हणून स्टिक पारखताना वैमानिकाला काम अवघड द्यावं: विमान धावपट्टीच्या मध्यरेषेपासून बाजूला ठेवायचं, कमी उंचीवर रेषेत आणायचं आणि आखलेल्या चौकटीतच टेकवायचं. एका वेळी एकच गुणधर्म बदलावा, क्रम उलटसुलट ठेवावा, कोणती स्टिक चालू आहे ते वैमानिकाला सांगू नये. ‘मुरलेल्या वैमानिकाच्या हाताला गुण असतो, त्याला कोणतीही स्टिक चालते’ ही समजूत इथे धोक्याची आहे, कारण तो आपल्या कष्टाने वाईट स्टिकही चांगली दाखवतो. वैमानिक जिच्यावर हाताळणीला अंक देतो, त्या 1969च्या कूपर-हार्पर मापनपट्टीत तो कष्टही मोजला जातो. विमान ताब्यात राहतं का? सोसवेल एवढ्या कष्टात पुरेसं काम होतं का? सुधारणेविना समाधानकारक आहे का? या क्रमाने 1 (उत्तम) ते 10 (ताबा सुटतो) असा अंक येतो.

एकाने 3 आणि दुसऱ्याने 7 दिले, तर सरासरी 5 काढू नये. सात देणाऱ्याच्या हाताची नोंद उघडून तो नेमका कुठे झगडला, ते पाहावं.