गाडीतला मायक्रोवेव्ह: तुम्ही काय करायचं, आमच्याकडे काय आणायचं

आमच्याकडून मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, ताब्यात घेताना लोक एसीबद्दल विचारतात, टॉयलेटच्या टाकीबद्दल विचारतात, सोलरबद्दल तर तासभर बोलतात. मायक्रोवेव्हचं नाव कुणी काढत नाही. मग पहिल्याच सहलीत कोकणातून फोन येतो: "दिवा लागतो, प्लेट फिरते, आवाजही येतो, पण भात गार तो गारच!" असे फोन इतके आले की शेवटी हे माहितीपत्रक लिहायला घेतलं.

आमचा अनुभव असा, की गाडीतला मायक्रोवेव्ह 'बिघडला' म्हणून येतो तेव्हा बऱ्याचदा दोष मायक्रोवेव्हमध्ये नसतोच. तो असतो त्याला मिळणाऱ्या विजेत, नाहीतर रस्त्याने दिलेल्या हादऱ्यांत. या दोन्ही गोष्टी बाहेरच्या बाहेर तपासता येतात. म्हणून पहिलीच विनंती: मायक्रोवेव्हच्या पत्र्याच्या कव्हरचे स्क्रू सोडवू नका. का, ते पुढे सांगतोच.

आधी वीज बघा

मायक्रोवेव्हवर 700 वॉट लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी शक्ती. तेवढी देण्यासाठी तो विजेच्या तारेतून साधारण 1,100 ते 1,200 वॉट ओढतो. घरच्या 230 व्होल्टवर हे जेमतेम पाच अँपिअर होतात, म्हणून घरी काही जाणवत नाही. पण गाडीत 12 व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत हाच मायक्रोवेव्ह चालवला, तर बॅटरीतून 100 अँपिअरच्या वर प्रवाह निघतो. त्या जोडणीत एखादी लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची जोडपट्टी) ढिली राहिली आणि एक शतांश ओहमचा जरी अडथळा आला, तरी तिथल्या तिथे एक व्होल्ट गळतो आणि त्या एका जोडात 100 वॉटच्या बल्बाएवढी उष्णता तयार होते. काळी पडलेली लग, मऊ झालेलं केबलचं आवरण, जळका वास ही त्याची लक्षणं. आम्ही इथे 50 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घालतो, बॅटरी आणि इन्व्हर्टर जवळजवळ ठेवतो आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवतो. कुणी 'तेवढी जाड कशाला' म्हणून बारीक केबल टाकून देत असेल तर ऐकू नका.

बॅटरीचंही तसंच. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी हळूहळू वीज द्यायला बनलेली असते. पंखे आणि दिवे ती रात्रभर चालवेल, पण एकदम 100 अँपिअर मागितले की व्होल्टेज खाली बसतं आणि इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडतो. बॅटरी 'फुल' दाखवत असली तरीही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हा भार सहज पेलते, फक्त तिच्या बीएमएसची (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटची) मर्यादा त्याहून जास्त असायला हवी.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा हवा. स्वस्तातला 'मॉडिफाइड', म्हणजे चौकोनी लहरीचा घेतला तर मायक्रोवेव्ह जास्त घुमतो, आतला ट्रान्सफॉर्मर तापतो आणि अन्न मात्र नीट तापत नाही. कारण साधं आहे: आतलं उच्चदाब सर्किट लहरीच्या शिखरावर चालतं. 230 व्होल्टच्या खऱ्या साइन लहरीचं शिखर 325 व्होल्टपर्यंत जातं, चौकोनी लहरीचं तेवढं वर पोचत नाही. आणि एक गोंधळ नेहमी होतो, तो इथेच मिटवतो. दुकानात मिळणारा 'इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह' म्हणजे बॅटरीवर चालणारा मायक्रोवेव्ह नव्हे. त्यात जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, एवढंच. त्यालाही 230 व्होल्टच लागतात.

रिसॉर्टवर किंवा एखाद्याच्या वाडीत वायर जोडून मुक्काम केलात तर संध्याकाळी व्होल्टेज किती येतंय ते गाडीतल्या मीटरवर बघा. 190 च्या आसपास असेल तर मायक्रोवेव्ह आजारी नाही, उपाशी आहे. तेव्हा वरण गॅसवरच गरम करा. जोडणीसाठी 16 अँपिअरचा प्लग वापरा, आणि एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवली की आतल्या आत तापते. गाडीच्या पत्र्याला किंवा दाराच्या दांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्या जागेचं आर्थिंग गेलंय. मायक्रोवेव्ह राहू द्या, आधी गाडीची वायर काढा. आम्ही प्रत्येक गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, बसवतो. त्याचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

शंका राहिलीच तर ही परीक्षा करा. काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात मोजून एक लिटर पाणी घ्या, थर्मामीटरने तापमान लिहून ठेवा. पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट चालवा, पाणी ढवळा, पुन्हा तापमान घ्या. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणा: आलेला आकडा म्हणजे वॉट. दहा अंश वाढले तर 700. हेच एकदा घरच्या विजेवर आणि एकदा इन्व्हर्टरवर करा. घरी 10 अंश आणि गाडीत 6 आले, तर दोष कुठे आहे ते तुम्हालाच कळलं.

घाट आणि खड्डे

निघण्यापूर्वी काचेची प्लेट आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढून टॉवेलात गुंडाळा. वरंधा घाटात प्लेट आत ठेवून गेलेल्यांना आम्ही नवीन प्लेटा विकल्या आहेत, पण तो धंदा आम्हाला नको. मायक्रोवेव्हचं दार बंद आहे ना, आणि त्याचा स्विच बंद आहे ना, हेही बघा. चालत्या गाडीत धक्क्याने एखादं बटण दाबलं गेलं आणि तो रिकामाच चालू झाला, तर मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या आतल्या भागावर, ताण येतो.

मायक्रोवेव्ह घट्ट बसवायचा म्हणून कुणी बाजूच्या पत्र्यातून लांब स्क्रू मारतात. असं मुळीच करू नका. तो स्क्रू आत कशाला टेकेल सांगता येत नाही. खालून रबरी पॅड, भोवती ब्रॅकेट आणि पट्टा, हीच पद्धत. आणि हवा खेळायला जागा सोडा. सुरुवातीच्या काळात एका गाडीत आम्हीच तो कपाटात अगदी फिट्ट बसवला होता. दिसायला सुरेख, पण दहा मिनिटांत आतला थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडायचा आणि मायक्रोवेव्ह बंद. आता पुस्तिकेत दिलेलं अंतर मोजल्याशिवाय आम्ही कपाट कापत नाही. तुम्हीही त्या रिकाम्या जागेत पापडाचे डबे कोंबू नका.

सफाई, आणि ती पिवळी चकती

वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीन-चार मिनिटं चालवा, मग ओल्या कपड्याने पुसा. पाण्यात एक लाकडी चमचा राहू द्या, नाहीतर शांत दिसणारं पाणी हात लागताच उसळू शकतं. तारेची घासणी नको, जाळीच्या भोकांत स्प्रे नको. गाडी लहान असते, वाफ कोंडते, म्हणून खिडकी उघडा.

आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी, पिवळट चंदेरी चकती दिसेल. ती मायका शीट. लहरी तिच्यातूनच आत येतात. तिच्यावर फोडणीचं तेल, रश्शाचे शिंतोडे बसले की ते जळतात, काळा डाग पडतो आणि मग तडतड ठिणग्या उडू लागतात. लोक घाबरतात की मायक्रोवेव्ह फुटणार. बहुतेक वेळा फक्त ही शीट बदलायची असते, आणि ती तुम्ही स्वतः बदलू शकता: प्लग काढा, शीट एखाद्या स्क्रूने किंवा खाचेत बसवलेली असते ती सोडवा, जुनी ठेवून नवीन त्याच मापाची कात्रीने कापा, मागची जागा कोरड्या कपड्याने पुसा, बसवा. शीटशिवाय मायक्रोवेव्ह चालवू नका. मागचा पत्रा किंवा आतला रंग जळला असेल, तर मात्र तिथेच थांबा आणि आम्हाला दाखवा.

आत काही पेटलंच तर दार उघडू नका. हवा मिळाली की भडका वाढतो. मेन स्विच बंद करा, मग गॅसचा सिलेंडर बंद करा, आणि आग आपोआप विझेपर्यंत दार बंदच राहू द्या.

कव्हर का उघडायचं नाही

आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर मिळून मॅग्नेट्रॉनसाठी सुमारे 4,000 व्होल्ट तयार करतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये हा भार शिल्लक राहू शकतो. तो ओसरावा म्हणून आत एक रेझिस्टर असतो, पण तो तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. घरच्या सॉकेटचा धक्का बसून वाचलेले पुष्कळ भेटतील. हा धक्का वेगळा, तो जीव घेतो. आमचा कारागीरही प्लग काढतो, थांबतो, कपॅसिटर डिस्चार्ज करतो, मीटरवर शून्य बघतो आणि मगच आत हात घालतो. इंटरनेटवर जुन्या ट्रान्सफॉर्मरचे प्रयोग दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज किंवा तार लावणं नको. दाराच्या आत सहसा तीन छोटे स्विच असतात. पहिले दोन दार उघडताच वीज तोडतात. तिसरा पहारेकरी: त्यातला एखादा चिकटला, तर तो मुद्दाम फ्यूज उडवतो. म्हणजे उडालेला फ्यूज कधीकधी दाराची तक्रार सांगत असतो. खड्ड्यांनी दाराची कडी सरकते, बिजागरी ढिली होते. दार हलतंय, नीट खटका लागत नाही, काचेमागची जाळी वाकली आहे, असं काही दिसलं तर वापर थांबवा. आम्ही लीकेज मीटर लावून बाहेर लहरी गळतात का ते बघतो. 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉट ही कमाल मर्यादा. आत मोबाइल ठेवून रिंग द्यायची युक्ती काहीच सिद्ध करत नाही.

पावसाळा

चार महिने गाडी उभी राहणार असेल तर मायक्रोवेव्ह आतून कोरडा पुसा, दार किलकिलं ठेवा, प्लग काढा. त्याच्या उबेला झुरळं जमतात, आणि पाल कंट्रोल बोर्डवर चिकटून मेली की बोर्ड शॉर्ट होतो. आमच्याकडे अशा दोन-तीन केसेस दर दिवाळीच्या आधी येतातच. किनाऱ्यावर गाडी उभी असेल तर खारी हवा स्विचचे कॉन्टॅक्ट खाते, म्हणून अधूनमधून गाडीचा प्लग आणि सॉकेट हिरवट पडलंय का बघत चला.

दुरुस्तीला येताना मायक्रोवेव्ह काढून रिक्षातून आणू नका. गाडीच घेऊन या, काचेच्या प्लेटसकट, आणि पाण्याच्या परीक्षेत आलेले दोन्ही आकडे कागदावर लिहून आणा.