वाळूत पोहणारे पाय: नामिब वाळवंटातील पाल

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यालगतच्या नामिब वाळवंटात उन्हाळ्यात वाळूच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, त्यामुळे पॅकिडॅक्टिलस रांगेई ही जेमतेम बोटाएवढी पाल दिवस बिळात काढते आणि अंधार पडल्यावरच बाहेर येते. तिची त्वचा इतकी पातळ असते, की आतील काही अवयव अंधुकपणे दिसतात. तिचे शास्त्रीय वर्णन १९०८ साली झाले, तर तिच्या नावातील ‘रांगेई’ हा शब्द पॉल रांगे या जर्मन भूवैज्ञानिकाच्या नावावरून आला आहे.

तिच्या पायांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. आपल्या घरातील पाल बोटांखालच्या अतिसूक्ष्म केसांच्या बळावर गुळगुळीत भिंत चढते. परंतु सतत सरकणाऱ्या, कोरड्या वाळूवर त्या केसांचा काय उपयोग? या पालीच्या बोटांमध्ये बदकाच्या पायासारखा पडदा असतो आणि त्या पडद्यात लहान कूर्चा व बारीक स्नायूही असतात. त्यामुळे पाऊल वाळूत रुतत नाही, आणि बीळ खणताना तेच पाऊल फावड्याचे काम करते. पाण्याशी नाते नसलेल्या प्राण्याला बदकाचे पाय मिळावेत, याचे मला आजही नवल वाटते.

या भागात वर्षाकाठी २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तरी बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहावरून येणारे धुके किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत पसरते, त्याचे थेंब पालीच्या डोक्यावर व डोळ्यांवर जमतात आणि ती ते जिभेने चाटून घेते. तिला पापण्या नाहीत, म्हणून डोळ्यांवरील वाळूही याच जिभेने साफ होते. घरच्या पालीलाही हीच सवय आहे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की या पालीच्या कुशीवरील पट्टा आणि डोळ्यांभोवतीचे कडे निळा किंवा अतिनील प्रकाश शोषून हिरवा प्रकाश सोडते. त्वचेतील ग्वानिन नावाच्या पदार्थाचे स्फटिक असलेल्या पेशींमुळे हे घडते. हा पट्टा खालच्या बाजूला असल्याने वरून पाहणाऱ्या घुबडाला तो सहसा दिसत नाही. मंद चांदण्यातही रंग ओळखू शकणाऱ्या दुसऱ्या पालीला मात्र, आडोसा नसलेल्या वाळूच्या उतारावर, तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसू शकतो; एकट्याने राहणाऱ्या या पाली एकमेकींना अशाच खुणेवरून शोधत असाव्यात, असा संशोधकांचा तर्क आहे.