अंजनेरीला ज्वालामुखीचं तोंड नाही

नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर चढताना एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो माझ्या सातवीतल्या भाचीने पहिल्या वळणावरच विचारला. "मामा, हा डोंगर ज्वालामुखी होता ना? मग वर गेल्यावर त्याचं तोंड दिसेल?"

नाही दिसणार. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, यांतला एकही डोंगर कधी ज्वालामुखी नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यांतून लाव्हा वर आला. तो पातळ होता. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा पसरला, थिजला, त्यावर पुढचा थर आला. असे थरावर थर चढत सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली. एवढी झीज होऊनही आज हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. म्हणजे आधी इथे डोंगर नव्हते, सपाट पठार होतं. पावसाने आणि नद्यांनी मधला भाग कोरून नेला आणि जे उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. अंजनेरीच्या माथ्यावरून पश्चिमेला ब्रह्मगिरी दिसतो. मधल्या दरीच्या जागीही एकेकाळी कातळच होता, हे दोन्हीकडच्या कड्यांवरच्या आडव्या रेघा बघत बसलं की हळूहळू पटायला लागतं.

चढणीतच हे सगळं पायाला कळतं. आधी दम काढणारा कडा, मग अंजनीमातेच्या देवळाजवळचं मोकळं पठार, हनुमानाच्या पावलाचं म्हणतात ते तळं, पुन्हा कडा. या भूप्रदेशाला 'ट्रॅप' हे नाव पडलं ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. लाव्हाच्या जाड प्रवाहाचा गाभा सावकाश थंड होतो. तो घट्ट आणि टणक असतो, त्याचा कडा होतो. प्रवाहाच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकतात. तो सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे उतार किंवा सपाटी तयार होते. एक पायरी म्हणजे एक प्रवाह असा सरळ हिशेब मात्र करू नये. नाशिककडच्या बऱ्याच पायऱ्या म्हणजे लाव्हाच्या लहान लहान लोळांची थप्पी आहे.

विहीर खणणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. काळा पाषाण लागला की पाण्याची आशा कमी, त्यात भेगा असतील तरच. मुरूम लागला की बरं वाटतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या कातळाला ते मांजऱ्या म्हणतात. ते ठिपके म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर झिरपलेल्या पाण्याने भरलेली खनिजं. बरीचशी झिओलाइट कुळातली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिलं, कारण तापवल्यावर त्यातलं पाणी निघून तो फसफसायचा. पांडवलेण्यांच्या डोंगरातली ही खनिजं जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती डोळे भरून पाहता येतात. डोंगरावर छिन्नी-हातोडी घेऊन जाणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, तिकडेच जाऊन बघा. फोडलेली पोकळी पुन्हा भरत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ आहे ती गेरूची. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तोच हा. एक उद्रेक संपला, दुसरा यायला बराच अवधी होता. तेवढ्यात वरचा दगड कुजून माती झाली, कुठे राख येऊन पडली. मग पुढचा तप्त लाव्हा त्यावरून वाहिला. काळे थर झटपट घडलेले. खरा वेळ गेला तो या हातभर लाल पट्ट्यात. सह्याद्रीतल्या अशा पट्ट्यांतून झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक वेचून शास्त्रज्ञांनी त्यांचं वय मोजलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार मुख्य उद्रेक डायनोसॉर नाहीसे होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाले आणि साडेसात लाख वर्षांहून अधिक काळ चालले.

हे थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत, डोळ्यांना जाणवणार नाही इतके. म्हणून नाशिककडे उघडे पडलेत ते जुने, खालचे थर. वरचे पाहायचे तर महाबळेश्वर गाठावं लागतं. भूविज्ञानात एका थरसमूहाचं नावच इगतपुरी आहे. कसारा घाटातल्या एका थरात तर फेल्डस्पार या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक आहेत. ते बाहेर पडण्याआधीच, जमिनीखालच्या शिलारसात सावकाश वाढलेले.

उतरताना भाचीने गेरूच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. बोट लाल झालं. वरच्या काळ्या कातळावर घासून पाहिलं, तिथे काहीच निघालं नाही.

"मामा, मधला डोंगर गेला कुठे पण?"

थोडा निफाडच्या द्राक्षबागांखालच्या काळ्या मातीत आहे. बाकीचा बराचसा गोदावरीने आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या पुढे नेऊन समुद्राकाठी टाकलाय, आणि दर पावसाळ्यात तिचं पाणी गढूळ होतं ते अजून नेतेच आहे म्हणून.