मेहरानगडाखालचा ज्वालामुखी: पार्श्वभूमी

राजस्थानात जोधपूरचा मेहरानगड किल्ला १४५९ पासून ज्या टेकडीवर उभा आहे, तो सगळा ज्वालामुखीचा कातळ आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. जोधपूरचा हा तपकिरी-जांभळट रायोलाइट त्याच्या दहापटीहून जुना, साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन्हींची जातकुळीही वेगळी. बेसाल्टचा पातळ रस दूरवर वाहत जातो. रायोलाइटचा रस घट्ट असतो, त्यात वायू कोंडतो आणि स्फोट होतो. इथे स्फोटातून उडालेली राख खाली बसली तेव्हा इतकी तापलेली होती की तिचे कण एकमेकांना चिकटून अखंड दगड झाला. भूवैज्ञानिक त्याला वेल्डेड टफ म्हणतात. निवताना तो आकसला, उभा तडकला आणि त्याचे कोनदार खांब झाले. गडाच्या पायथ्याशी हे खांब इतके रेखीव दिसतात की कुणी तासून रचल्यासारखे वाटावेत. त्यावर बराच नंतर वालुकाश्म बसला, आणि गडाच्या भिंती त्याच वालुकाश्माच्या. हा टफ आणि दोन खडकांची ही सांधेजोड यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे.

दर्जा असूनही गडामागचा कातळ कित्येक दशकं धड पाहता येत नव्हता. कारण वेडी बाभूळ, तिकडची बावळियो. मध्य अमेरिकेकडचं हे झाड १९३०च्या दशकात संस्थानाने मारवाड हिरवा करायला मुद्दाम आणलं. विमानातून बिया टाकल्याचंही सांगितलं जातं. १९४० मध्ये तर त्याला राजवृक्षाचा मान मिळाला. त्या काळचा हेतू वाईट नव्हता. वाळू थोपवायची होती, सरपण हवं होतं. पण झाड आटोक्यात राहिलं नाही. रायोलाइटच्या भेगांत मुळं घालून त्याने टेकड्या झाकल्या आणि कुमट, थोर ही कातळावर जगणारी मूळची झाडं मागे रेटली.

२००६ मध्ये गडाला लागून असलेल्या सुमारे ७० हेक्टरांवरची ही बाभूळ मुळासकट काढून तिथे मूळच्या झाडांचं उद्यान करायचं ठरलं. यावर मतभेद साहजिक होते. गरिबाच्या चुलीला तिचंच लाकूड आणि शेळ्यांना तिच्याच शेंगा, मग वाळवंटात उभं हिरवं झाड तोडायचं कशाला? प्रश्न खोटा नाही. तरीही या एका टेकडीपुरता तो निर्णय योग्यच होता असं मला ठामपणे वाटतं. सरपण दुसरीकडे वाढवता येतं. हा कातळ आणि त्याच्या भेगांत रुजणारी झाडं दुसरीकडे नेता येत नाहीत.

ठरवणं सोपं, करणं अवघड. वरून तोडली की बाभूळ पुन्हा फुटते. तिचे कोंब जमिनीखाली हात-दीड हातावरच्या गाठीतून येतात आणि ती गाठ दगडात अडकलेली. शेवटी कामी आले ते खंडवालिये, पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्माच्या खाणीत राबलेले लोक. ते हातोडीने कातळ ठोकायचे आणि आवाजावरून आतला दगड सलग आहे की भेगाळलेला हे ओळखायचे. मग छिन्नीने खड्डा घेऊन मूळ गाठीसकट बाहेर काढायचे. त्याच खड्ड्यांत पुढे थरच्या वाळवंटातली मूळची झाडं लावली गेली. या उद्यानाचं श्रेय देताना आराखडा करणाऱ्यांआधी या हातांचं नाव घ्यायला हवं.

फेब्रुवारी २०११ मध्ये राव जोधा डेझर्ट रॉक पार्क लोकांसाठी खुलं झालं. आता आखलेल्या पायवाटांनी फिरता येतं. एक वाट कातळ फोडून काढलेल्या जुन्या कालव्यातून जाते. दोन्ही बाजूंना कापलेला रायोलाइट अगदी हाताशी येतो, पृष्ठभागाखालचा त्याचा रंग इथे नीट पाहता येतो. उन्हाळ्यात दगड भाजतो, तेव्हा सकाळीच जावं. पावसाळ्यात भेगाभेगांतून हिरवं उगवलेलं असतं. उद्यानाच्या हद्दीबाहेर मात्र वेडी बाभूळ अजून पसरलेली आहे, आणि तिथे तिची गरज असणारी घरंही आहेत.